जुन्या औषधांचे नवे दप्तर

औषधशास्त्राच्या अभ्यासकाने नवी औषधे शोधावीत, निदान त्या शोधाला आपला हातभार तरी लावावा, अशी समाजाची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. परंतु मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयाला जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात, औषधशास्त्राच्या विभागात, उमेदीची सारी वर्षे घालविल्यानंतर ज्या कामाने मला सर्वांत अधिक शिकविले आणि सर्वांत अधिक अस्वस्थही केले, ते काम नव्या औषधांचे नव्हते. बाजारात पूर्वीपासून असलेल्या, कित्येकदा पन्नास वर्षे जुन्या झालेल्या एखाद्या औषधाचा, ज्या रोगासाठी ते कधी कोणी कल्पिलेच नव्हते अशा रोगात काही उपयोग होईल काय, याची छाननी करण्याचे ते काम होते. बालरोग विभागातून केसपेपरला जोडलेली एक चिठ्ठी येई, निदान लिहिलेले असे, आणि खाली एवढीच विनंती असे की औषधयोजनेविषयी अभिप्राय कळवावा. त्या एका ओळीमागे एक मूल असे, त्याचे आईबाप असत, आणि बहुधा अनेक दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून झालेल्या असत.

ज्या रोगांविषयी मी लिहीत आहे त्यांना संचयविकार म्हणतात. आपल्या पेशींत लयकारिका नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. जीर्ण झालेले मेद, शर्करा आणि प्रथिने यांचे विघटन करून त्यांतील उपयुक्त अंश पेशीला परत देणे हे त्यांचे कार्य, आणि ते अनेक विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, साहाय्याने अहोरात्र चालू असते. बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन द द्यूव्ह यांनी १९५५ साली या पिशव्यांचे अस्तित्व दाखवून दिले, आणि त्यांचेच सहकारी आंरी-जेरी एर्स यांनी १९६३ साली पॉम्पे रोगात अशा एका विकराचा अभाव सिद्ध करून एका संपूर्ण रोगकुलाची उकल केली. एक विकर जन्मतःच सदोष असले, की त्याने ज्या द्रव्याचे विघटन करावयाचे ते द्रव्य पेशीत साचत राहते. यकृताची पेशी मरते आणि तिची जागा दुसरी घेते. मेंदूतील चेतापेशीला बहुतांशी ती सोय नाही, तिला जन्मभराचा संचय स्वतःच वाहावा लागतो. म्हणूनच गोशे, नीमन-पिक, टे-सॅक्स, सॅनफिलिपो, बॅटन अशी ज्यांची नावे वैद्यांनाही क्वचित ऐकू येतात, अशा पन्नासाहून अधिक विकारांपैकी बहुसंख्य विकार आज ना उद्या मेंदूपर्यंत पोहोचतात. एकेकटा विकार लाखांत एखाद्याला होतो. सारे मिळून मोजले तर साधारणतः पाच ते आठ हजार जन्मांमागे एक असे त्यांचे प्रमाण सांगितले जाते. बहुतेकांत आई आणि वडील दोघेही निरोगी असून सदोष जनुकाचे वाहक असतात, आणि प्रत्येक गर्भारपणात मूल रोगग्रस्त होण्याचा संभव एकचतुर्थांश असतो. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल आपल्याकडे ज्या समाजांत आहे, तेथे एकाच पूर्वजाकडून आलेला दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव वाढतो. हे कुटुंबाला सांगताना त्यात आरोपाचा अंशही येऊ नये, याची खबरदारी मी नेहमी घेत आले, कारण आपल्या जनुकांत काय लिहिलेले आहे हे विवाहाच्या वेळी कोणालाच ठाऊक नसते.

उणे असलेले विकर बाहेरून द्यावे, ही कल्पना सरळ आहे आणि ती फळालाही आली आहे. अमेरिकेत रॉस्को ब्रॅडी यांनी आयुष्यभर केलेल्या संशोधनातून गोशे रोगासाठी १९९१ साली असे विकर प्रथम औषध म्हणून मान्य झाले, आणि फुगलेल्या प्लीहेमुळे ज्यांना धड बसताही येत नव्हते अशी मुले शाळेत जाऊ लागली. परंतु विकर हे फार मोठे प्रथिन असते, आणि रक्तातून मेंदूत काय जावे व काय जाऊ नये यावर निसर्गाने जो कडक पहारा ठेवला आहे, तो ओलांडणे त्याला साधत नाही. त्यामुळे गोशे रोगाच्या ज्या प्रकारांत मेंदू सापडलेला असतो, त्यांत पोट ओसरते, रक्त सुधारते, आईबापांना आशा वाटू लागते, आणि त्याच वेळी डोळ्यांची हालचाल मंदावत जाते व झटके वाढत जातात. मेंदूत शिरकाव करावयाचा तर रेणू लहान हवा. असे लहान रेणू हजारोंच्या संख्येने औषधांच्या दुकानांत आहेत. त्यांची मात्रा ठाऊक आहे, त्यांचे अपाय ठाऊक आहेत, लाखो माणसांनी ते घेतलेले आहेत. पंचवीस-तीस रुग्णांच्या रोगासाठी नवा रेणू घडविण्यास कोणी धनिक सहजासहजी पुढे येत नाही, तेव्हा असलेल्या रेणूंतच शोध घ्यावा, हा विचार गरजेतून जन्मलेला असला तरी शास्त्राला धरून आहे.

येथे एक भेद मात्र मनाशी पक्का करावा लागतो. जुन्या औषधाचे अपाय ठाऊक असतात. त्याचा नवा उपाय ठाऊक नसतो. आपल्या कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. २०१९ च्या नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या यांविषयीच्या नियमांनुसार, मान्यता मिळालेले औषध निराळ्या रोगासाठी विकावयाचे असेल, तर त्या कारणापुरते ते नवे औषधच समजले जाते. खोकल्याच्या गोळीला हा नियम लावणे प्रथमदर्शनी अतिरेकाचे वाटेल. मला तो कधीच तसा वाटला नाही, आणि त्याचे कारण ॲम्ब्रोक्सॉलच्या हकीकतीत आहे.

ॲम्ब्रोक्सॉल म्हणजे कफ पातळ करणारे, घरोघरी माहीत असलेले औषध. त्याची वंशावळ आपल्या परसातल्या अडुळशापर्यंत जाते: अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्याच्या धर्तीवर ब्रोमहेक्झिन तयार झाले, आणि ब्रोमहेक्झिनचे शरीरात जे रूपांतर होते तेच ॲम्ब्रोक्सॉल होय. २००९ साली कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी, मान्यता मिळालेल्या औषधांचा हजाराहून अधिक रेणूंचा संग्रह घेऊन, गोशे रोगातील दुबळ्या विकराला यांपैकी कोणता आधार देतो याची एकेक करून परीक्षा केली, आणि त्या परीक्षेतून हे खोकल्याचे औषध वर आले. गोशेच्या अनेक रुग्णांत विकर तयारच होत नाही असे नसते. ते तयार होते, पण त्याची घडी नीट बसत नाही, आणि पेशी त्याला सदोष ठरवून लयकारिकेपर्यंत पोहोचण्याआधीच नष्ट करते. वाकलेल्या रोपट्याला काठीचा आधार बांधावा, तसे ॲम्ब्रोक्सॉल त्या विकराला धरून ठेवते, आणि लयकारिकेच्या आम्ल वातावरणात पोहोचल्यावर त्याला सोडून देते. २०१६ साली जपानमधील वैद्यांनी मेंदू सापडलेल्या गोशे रोगाच्या पाच रुग्णांना ते फार मोठ्या मात्रेत देऊन पाहिले, तेव्हा मेंदूभोवतीच्या द्रवातील साचलेले द्रव्य घटल्याचे, स्नायूंचे आकस्मिक झटके कमी झाल्याचे आणि डोळ्यांच्या बाहुल्यांच्या प्रकाशाला मिळणाऱ्या प्रतिसादात सुधारणा झाल्याचे त्यांनी नमूद केले. पाच रुग्ण ही संख्या अल्प खरीच; पण ज्या रोगात उतरतीवाचून दुसरे काही पाहिलेले नव्हते, त्यात पाच रुग्णांचा तपशीलवार दस्तऐवज हाती येणे हीसुद्धा मोठी गोष्ट होती.

‘फार मोठ्या मात्रेत’ हे शब्द मात्र वृत्तपत्रातल्या चार ओळींत गळून पडतात. जपानमध्ये दिलेली मात्रा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला २५ मिलिग्रॅमपर्यंत होती. वीस किलोच्या मुलासाठी तिचा हिशेब ५०० मिलिग्रॅम होतो, आणि खोकल्यासाठी तेवढ्याच वजनाच्या मुलाला आपण दिवसाला तीस-पंचेचाळीस मिलिग्रॅम देतो. एकदा सोलापूरकडील एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. गोशेवर खोकल्याचे औषध चालते असे त्यांना कोणीतरी सांगितले होते, आणि औषधांच्या दुकानातून आणलेल्या पातळ औषधाच्या बाटल्या त्यांनी माझ्या मेजावर मांडल्या. “मॅडम, किती चमचे द्यायचे तेवढं सांगा. आम्ही द्यायला चुकणार नाही,” ते म्हणाले. बाटलीवरील मजकूर मी त्यांना वाचून दाखविला. आपल्याकडील अशा बहुतेक बाटल्यांत ॲम्ब्रोक्सॉल एकटे नसते. श्वासनलिका रुंदावणारे टर्ब्यूटालिन अथवा त्याच जातीचे दुसरे औषध त्यात मिसळलेले असते, आणि ॲम्ब्रोक्सॉलची दसपट मात्रा गाठण्यासाठी दसपट चमचे दिले तर त्या दुसऱ्या औषधाचीही दसपट मात्रा पोटात जाऊन मुलाचे हृदय वेड्यासारखे धावू लागेल. त्यांनी अद्याप एकही चमचा दिलेला नव्हता, विचारल्यावाचून द्यावयाचे नाही एवढे शहाणपण त्यांच्यापाशी होते. पुढे त्या मुलीला शुद्ध ॲम्ब्रोक्सॉलच्या गोळ्या, एथिक्स कमिटीच्या मंजुरीने, लेखी संमती घेऊन, हळूहळू चढत्या मात्रेत सुरू केल्या. तिच्या जनुकातील दोष कोणत्या जातीचा आहे हे आधी तपासून घेतले, कारण विकर मुळात तयारच होत नसेल तर आधार द्यावयाचा कोणाला? भारतीय रुग्णांत जो दोष सर्वांत अधिक आढळतो, त्याच्या बाबतीत हे औषध काही रुग्णांना साथ देते, काहींना देत नाही. म्हणून आरंभापूर्वीची स्थिती बारकाईने टिपून ठेवणे हाच पुढील निर्णयाचा एकमेव आधार असतो.

मिग्लुस्टॅटची वाट याहून निराळी. एड्सच्या विषाणूवर चालेल या आशेने हा रेणू प्रथम तपासला गेला आणि त्या कामी तो निरुपयोगी ठरला. परंतु ऑक्सफर्डमध्ये फ्रान्सिस प्लॅट, टेरी बटर्स आणि रेमंड ड्वेक यांच्या ध्यानात आले, की साचणाऱ्या मेदाच्या घडणीतील पहिल्याच पायरीवर तो विकराला अडवितो. विघटन करणारे विकर दुबळे असेल तर निर्मितीच कमी करावी, म्हणजे जमा आणि खर्च यांचा मेळ थोडाफार बसेल, असा हा विचार. १९९४ साली तो प्रयोगशाळेत मांडला गेला, २००२ साली युरोपात गोशे रोगासाठी औषध मान्य झाले, आणि २००९ साली नीमन-पिक ‘सी’ या मेंदूच्या विकारासाठीही. या दुसऱ्या मान्यतेमागील परीक्षा पाहण्यासारखी आहे. केवळ २९ मोठे रुग्ण आणि जोडीला थोडी लहान मुले. डोळे एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर किती वेगाने जातात हे त्यांनी यंत्राने मोजले, आणि गिळण्याची शक्ती पाहण्यासाठी पाणी, मऊ लगदा आणि बिस्किटाचा तुकडा एवढीच साधने वापरली. रोग दुर्मीळ असला की मोजमापात इतका साधेपणा आणि इतकी काटेकोरी एकत्र यावी लागते.

नीमन-पिक ‘सी’ची मुले मी पुष्कळ पाहिली नाहीत, पण ज्यांना पाहिले त्यांच्यापैकी एकाच्या आईने मला जे शिकविले ते कोणत्याही ग्रंथात नव्हते. मुलगा हसला की कोसळत असे. आनंदाचा भर येताच अंगातील बळ क्षणभर नाहीसे व्हावे, हे या रोगाचे एक लक्षण आहे. शिवाय जिना उतरताना त्याला खालची पायरी दिसत नसे, कारण डोळे खाली वळविण्याची क्षमता या रोगात आधी जाते. त्या बाईंनी शाळेच्या दोनशे पानी वहीत रोज संध्याकाळी चार गोष्टी लिहून ठेवल्या होत्या: किती वेळा पडला, हसून किती वेळा पडला, एक वाटी मऊ भात संपवायला किती वेळ लागला, आणि पाणी पिताना ठसका लागला की नाही. मिग्लुस्टॅट सुरू केल्यावर त्या वहीत आणखी एक रकाना आला, जुलाबांचा. कारण हे औषध आतड्यातील शर्करा पचविणाऱ्या विकरांनाही अडविते, आणि साखर व दूध कमी केल्यावाचून ते सोसत नाही. सणाच्या गोडधोडाचा निर्णयसुद्धा त्या बाईंनी वहीतील रकाना पाहून घेतला.

औषध सुरू होऊन बरेच महिने लोटल्यावर मुलाच्या वडिलांनी मला विचारले, “मॅडम, फरक काही दिसत नाही. मग हे चालू कशाला ठेवायचं?” प्रश्न न्याय्य होता, कारण औषधाचा खर्च आणि जुलाबांचा जाच रोजचा होता. मी ती वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. आधीच्या वर्षी वाटीभर भाताचा वेळ दर तिमाहीला वाढत गेलेला दिसत होता. औषधानंतर तो वाढायचा थांबला होता, ठसक्यांची संख्या स्थिर होती. ज्या रोगाचा नैसर्गिक क्रम अखंड उतरतीचा आहे, त्यात जेथे होतो तेथेच राहणे हाच लाभ असतो, आणि तो डोळ्यांना कधीही दिसत नाही. बरे वाटले तर रुग्ण सांगतो, बिघडले तरी सांगतो. परंतु बिघडायचे राहून गेले, हे सांगणारा साक्षीदार लिखित नोंदीवाचून दुसरा कोणी नाही. वडिलांनी पाने मागेपुढे करून दोनदा वाचली आणि औषध चालू ठेवण्याचा निर्णय स्वतः घेतला. या क्षेत्राविषयी मला जे सांगावयाचे आहे त्याचे सार त्या निर्णयात आहे.

अलीकडच्या काळातील सर्वांत लखलखीत यश पाहिले तरी तेच दिसते. ॲसेटिल-ल्यूसीन हे फ्रान्समध्ये १९५७ पासून चक्कर येण्यावर दिले जाणारे साधे औषध. म्युनिकचे मिखाएल श्ट्रुप हे भोवळीच्या रोगांचे तज्ज्ञ. ज्यांचा तोल अनुमस्तिष्काच्या बिघाडाने जातो अशा रुग्णांत त्याचा काही उपयोग होतो काय, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले, आणि २०१५ साली नीमन-पिक ‘सी’च्या बारा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. येथेच थांबून ‘गुण आला’ असे म्हणण्याचा मोह अनावर झाला असता तर नवल नव्हते. त्याऐवजी, याच औषधाच्या एका रूपाची रीतसर परीक्षा झाली: साठ रुग्ण, बारा आठवडे औषध आणि बारा आठवडे निरौषध पूड, कोणाला केव्हा काय मिळते हे रुग्णाला अथवा वैद्याला ठाऊक नाही, आणि चालणे, उभे राहणे, बोलणे, बोटाने नाकाला स्पर्श करणे यांचे ठरावीक गुणांकन. २०२४ च्या आरंभी तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषधाच्या काळात दोषांचे गुण सरासरीने सुमारे दोनने उतरले, निरौषध काळात अर्ध्याहून थोडे अधिक. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेने या रोगासाठी त्याला मान्यता दिली. आणि याच औषधाची दुसरी एक हकीकत यासोबतच सांगितली पाहिजे: तोल जाण्याची निरनिराळी कारणे असलेल्या शंभराहून अधिक प्रौढ रुग्णांना एकत्र घेऊन जर्मनीत झालेल्या परीक्षेत ते निरौषध गोळीहून सरस ठरले नाही, असे २०२१ साली जाहीर झाले होते. औषध त्याच कुळातले, लक्षणही तेच. कोणाला द्यावयाचे ही निवड तेवढी निराळी. एकाच शब्दाखाली अनेक रोग गोळा करून केलेली नोंद कितीही मोठी असली तरी ती मूक असते.

अपयशांचीही दप्तरे याच आदराने वाचावीत असे मला वाटते. हिवतापावरील जुने पायरीमेथामीन हे टे-सॅक्सच्या प्रौढ वयात प्रकटणाऱ्या प्रकारात विकराला आधार देते, असे प्रयोगशाळेत दिसले. रुग्णांना दिल्यावर रक्तातील विकराची क्रिया खरोखरच वाढली, काहींत चौपटीपर्यंत, परंतु मात्रा वाढविली की तोल अधिकच जाऊ लागला आणि रुग्णांची स्थिती टिकाऊपणे सुधारल्याचे दिसले नाही. मिग्लुस्टॅट नीमन-पिकमध्ये उपयोगी पडले, टे-सॅक्सच्या परीक्षांत त्याचा मोजता येण्याजोगा लाभ आढळला नाही. रक्तातील आकडा सुधारणे आणि माणूस सुधारणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वाक्य मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आले. पण या दस्तऐवजांनी त्याला जे वजन दिले ते माझ्या व्याख्यानांनी कधी दिले नसते. सायक्लोडेक्स्ट्रिनची कथा तर प्रत्येक प्रयोगकर्त्याने पाठ करावी अशी आहे. नीमन-पिकच्या उंदरांना एक मेंदूतील स्टेरॉइड टोचले आणि त्यांचे आयुष्य वाढले. ते स्टेरॉइड विरघळविण्यासाठी वापरलेले द्रव्य म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन. काही वर्षांनी, २००९ च्या सुमारास, केवळ द्रावक टोचून पाहिले तेव्हा उमगले की गुणाचा मोठा वाटा त्या द्रावकाचाच होता. पुढे माणसांत ते पाठीच्या कण्यातून दिले गेले, त्याने श्रवणशक्ती कमी होते हे आढळले, आणि मोठ्या परीक्षेत अपेक्षित भेद दिसला नाही. तरीही त्या द्रावकाने रोगाच्या गाभ्यातील कोलेस्टेरॉलचा गुंता उकलण्यास जे साहाय्य केले ते व्यर्थ गेले नाही, कारण प्रत्येक पायरी कोणीतरी लिहून ठेवली होती.

आता एका अशा रोगाविषयी, ज्यात जुने औषध निःसंशय उपयोगी आहे आणि तरीही रुग्णाच्या हाती ते वेळेवर पडत नाही. सेरेब्रोटेंडिनस झॅन्थोमॅटोसिस असे लांबलचक नाव धारण करणाऱ्या या विकारात, कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले घडविणारे एक विकर सदोष असते आणि कोलेस्टॅनॉल नावाचे द्रव्य मेंदूत, डोळ्यांत व कंडरांत साचते. तान्हेपणी न थांबणारे जुलाब, बालपणी मोतीबिंदू, तारुण्यात टाचेमागे गाठी, पुढे तोल जाणे आणि बुद्धिभ्रंश, असा त्याचा क्रम आहे. पित्ताशयातील खडे विरघळविण्यासाठी एके काळी वापरात असलेले चेनोडिऑक्सिकोलिक आम्ल दिवसाला ७५० मिलिग्रॅम दिले तर हा क्रम थोपविता येतो, हे बर्गिनर, सालेन आणि शेफर यांनी १७ रुग्णांच्या अनुभवावरून १९८४ सालीच मांडले. मी पाहिलेल्या एका तरुणाचे मोतीबिंदू शाळेत असताना काढले होते, टाचेच्या गाठीची शस्त्रक्रिया पुढे दुसरीकडे झाली होती, आणि चालताना अडखळू लागल्यावर तो मेंदूविकारांच्या ओपीडीत आला. तीन ठिकाणचे तीन केसपेपर, प्रत्येक आपापल्या परीने निर्दोष; ते तिन्ही एका मेजावर प्रथमच एकत्र आले आणि एका तरुण निवासी डॉक्टरने त्यांचा अर्थ लावला. निदानानंतर औषध मिळविणे हे स्वतंत्र दिव्य ठरले. आपल्या बाजारात सर्रास मिळते ते उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल. नावात आणि घडणीत त्याचे जवळचे भावंड असले तरी या रोगात ते चालत नाही, आणि ‘हे त्यातलेच आहे’ म्हणून ते घेऊन बसलेल्या रुग्णाचा काळ हातचा जातो.

या औषधाच्या किमतीची हकीकत नेदरलँड्समध्ये सरकारी दप्तरात नोंदली गेली आहे. २००८ मध्ये शंभर कॅप्सूलच्या पाकिटाला सुमारे ४६ युरो पडत. दुर्मीळ रोगाचे औषध म्हणून त्याला नवी मान्यता आणि एकाधिकार मिळाल्यावर, २०१७ मध्ये तीच किंमत १४,००० युरोंवर गेली. रेणू तोच, मात्रा तीच. तेव्हा ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठ रुग्णालयाने आपल्याच औषधशाळेत कॅप्सूल तयार करण्याचा मार्ग धरला, आणि २०२१ साली तेथील स्पर्धा नियामकांनी अवाजवी किमतीबद्दल उत्पादकाला जवळजवळ दोन कोटी युरोंचा दंड ठोठावला. नव्या उपयोगाचा पुरावा उभारणे खर्चाचे असते आणि तो खर्च करणाऱ्याला मोबदला मिळाला पाहिजे, हे मी मान्य करते. परंतु ज्या पुराव्याचा पाया वैद्यांनी व रुग्णांनी दशकांपूर्वी घालून ठेवलेला आहे, त्यावर असा मक्ता उभा राहू देणे म्हणजे रुग्णांनी सोसलेल्या कष्टांची किंमत त्यांच्याकडूनच वसूल करणे होय.

आपल्याकडे २०२१ साली दुर्मीळ रोगांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. निवडक रुग्णालयांना त्यासाठी उत्कृष्टता केंद्रांचा दर्जा मिळाला, त्यांत मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आहे, आणि पुढे पात्र रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. जे कुटुंब कालपर्यंत केवळ देवाच्या दारी जात होते, त्याला जाण्यासाठी एक दार उघडले, हे मोठेच काम आहे. परंतु आजन्म चालणाऱ्या विकरोपचाराला ही रक्कम लवकरच अपुरी पडते, आणि मेंदूपर्यंत तो उपचार पोहोचतही नाही. जुन्या, स्वस्त, आपल्याच देशात तयार होणाऱ्या रेणूंकडे गंभीरपणे वळण्याचे कारण येथे आहे. खोकल्याच्या गोळ्या आपल्याकडे मुबलक बनतात. उणीव आहे ती मुलागणिक काय झाले हे एका रीतीने लिहिण्याची.

म्हणून माझी मागणी साधी आहे. देशात कोठेही, कोणत्याही वैद्याने, संचयविकार असलेल्या रुग्णाला जुने औषध नव्या कारणासाठी दिले, की त्याची नोंद एका सामायिक दप्तरात व्हावी: जनुकातील दोष कोणता, मात्रा किलोमागे किती, औषध शुद्ध की मिश्र, आरंभापूर्वीच्या सहा महिन्यांत उतरती कोणत्या वेगाने होती, आणि त्यानंतर ठरावीक मुदतीने चालणे, गिळणे, डोळ्यांची हालचाल व झटके यांचे मोजमाप काय आले. औषध बंद केले तर का केले, हेही त्यात असावे. निष्फळ ठरलेल्या नोंदीला सफल नोंदीइतकेच स्थान असावे. घरी ठेवलेली आईची वही पुरावा म्हणून त्या दप्तरात दाखल करून घ्यावी, तिला ऐकीव माहिती समजून बाजूला सारू नये. यासाठी नवी इमारत नको, महागडे यंत्र नको. चार रकान्यांविषयी वैद्यांचे एकमत आणि ते भरण्याची शिस्त हवी.

ज्या रोगाचे रुग्ण लाखांत एक, त्यात प्रत्येक मूल पुढच्या मुलासाठी काहीतरी सांगून जाऊ शकते, आणि ते ऐकून घेण्याचे कर्तव्य औषध लिहून देणाऱ्या हातावर असते. ‘देऊन तर पाहू’ असे म्हणून दिलेले आणि काय झाले ते न लिहिलेले औषध एका मुलाला कदाचित उपयोगी पडेल. लिहून ठेवलेले औषध, त्या मुलाला उपयोगी पडले नाही तरी, त्याच रोगाने जन्माला येणाऱ्या दुसऱ्या मुलाला निष्फळ आशेच्या वर्षांतून वाचविते. माझ्या व्यवसायाने मला शिकविलेल्या सर्व गोष्टींत ही गोष्ट मी पहिली मानते, आणि माझ्या विभागात नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून औषधांची नावे पाठ करून घेण्यापूर्वी मी त्याला मोजायला आणि लिहायला बसविते.